"इंटरनेटमुळं अर्थव्यवस्थेत एवढे लाख कोटी" असले रिपोर्ट किती खरे धरायचे?

भडंगवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी काय अर्थशास्त्रातला माणूस नाही, बी.कॉम. केलं आणि वडिलांच्या भडंगाच्या दुकानात बसलो ते बसलोच, त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात आमच्या व्यापारी मंडळाच्या मीटिंगला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचा माणूस आलता. नाव घेत नाही, उगं कशाला. पोरगा चांगला, गोड बोलणारा, पुण्याहून आलेला, प्रोजेक्टर पण स्वतःचा घेऊन. तासभर स्लाइडी दाखवल्या. इंटरनेट म्हणजे ब्रिटनच्या जीडीपीचा ७.२ टक्के, फेसबुकमुळं जगात ४५ लाख नोकऱ्या, दहा माणसं इंटरनेटला जोडली की त्यातला एक गरिबीतनं वर येतो, ब्रॉडबँड दहा टक्के वाढला की जीडीपी १.३८ टक्के वाढतो, असं एकामागनं एक. प्रत्येक स्लाइडच्या बुडाला बारीक अक्षरात कुठल्यातरी मोठ्या संस्थेचं नाय तर कन्सल्टिंग कंपनीचं नाव. आणि शेवटी मुद्दा काय, तर तुम्ही सगळ्यांनी दुकानं आमच्या ॲपवर आणा, सुरुवातीला कमिशन कमी घेऊ, आणि मंडळानं एक ठराव करून द्या की आमची पेठ आता 'डिजिटल बाजारपेठ' होणार.

माझ्या शेजारी एक अण्णा बसलेले, हळदीचे जुने अडते, पंचाहत्तरी ओलांडलीय. हरिपूरला जमिनीखालच्या पेवात हळद ठेवायचे त्या काळातले. सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्या कानात म्हणाले, "पोरगं वजन सांगतंय रे, पण काटा कुणाचा ते सांगंना." तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना झालंय.

आमचं स्वतःचं सांगायचं तर आम्ही दोन वर्षं ऑनलाइन आहे. वाईट नाही. पण पुण्या-मुंबईची जी सांगलीकर मंडळी आधी फोन करून एसटी पार्सलनं भडंग मागवायची तीच आता मोबाइलवर ऑर्डर टाकतात असं मला वाटतं, त्यात कमिशन जातं, आणि वाटेत पाकिटाला टाचणीएवढं भोक पडलं तरी माल सादळतो आणि परत येतो, तो परत आलेला माल काय करायचा हा वेगळाच विषय.

पुढच्या शनिवारी ठरावावर परत मीटिंग आहे. मला विरोधाला विरोध करायचा नाही पण उठून एक तरी शहाणा प्रश्न विचारायचाय. हे आकडे खोटे असतात का? कसे काढतात? जाणकारांनी सांगा.

निवृत्त_कॅशियर

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. एवढंच आहे, बाकी सगळं पॉवरपॉइंट.

मास्तर_विश्रामबाग

कॅशियर साहेब, एवढ्यावर सोडता येत नाही हो. टाळी वाजवणारा पण कधीकधी बरोबर ठिकाणी वाजवतो. भडंगवाले, तुमच्या अण्णांनी जे एका वाक्यात विचारलं ते मी पोरांना दोन लेक्चर घेऊन शिकवतो, तरी त्यांना कळत नाही.

तुमचा तो ब्रिटनचा आकडा घ्या. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं तो रिपोर्ट काढला, काम दिलेलं गूगलनं. ब्रिटनची इंटरनेट अर्थव्यवस्था वर्षाला १०० अब्ज पौंड, जीडीपीच्या ७.२ टक्के. आता ते १०० अब्ज फोडून बघा. त्यातले साधारण ६० टक्के म्हणजे लोकांनी ऑनलाइन केलेली खरेदी आणि कनेक्शन, कॉम्प्युटर वगैरेवर केलेला खर्च. म्हणजे लंडनमधल्या एखाद्या बाईनं वॉशिंग मशीन दुकानातनं न घेता वेबसाइटवरनं घेतलं की त्याची पूर्ण किंमत इंटरनेटच्या खात्यावर चढली. आयात वजा करतात, ते मान्य. पण मशीन बनवणारा कारखाना, त्यातला पत्रा, मोटर, ट्रकचं भाडं, हे काय इंटरनेटनं केलं का?

हेच तुमच्या पाकिटाला लावा. समजा पाकीट दीडशे रुपयाचं. त्यात चुरमुरे आहेत, शेंगदाणे आहेत, लसूण, तेल, गॅस, भाजणाऱ्या बायकांची मजुरी आहे. ते पाकीट मारुती चौकात विकलं तर ते भडंग, आणि ॲपवर विकलं तर ती 'इंटरनेट अर्थव्यवस्था'. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दुकानदाराची भर म्हणजे फक्त त्याचं मार्जिन धरतात, अख्खा माल नाही. त्या रीतीनं मोजलं तर ॲपची भर म्हणजे त्यानं घेतलेलं कमिशन, आणि ते तर तुमच्याच खिशातनं गेलंय.

याचा अर्थ रिपोर्ट खोटा असा नाही बरं का. खर्चाच्या बाजूनं मोजायची ती एक रीत आहे आणि कसं मोजलं ते आत लिहिलेलं असतं. भानगड होते ती वाक्यात. 'इंटरनेटवरनं एवढी उलाढाल झाली' आणि 'इंटरनेटमुळं एवढी भर पडली' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि रिपोर्टाच्या आतलं पहिलं वाक्य पेपरात येईपर्यंत दुसरं झालेलं असतं. स्लाइडवर येईपर्यंत तर विचारूच नका.

आता फेसबुकचे ४५ लाख. तो डेलॉइट या कन्सल्टिंग कंपनीचा रिपोर्ट, जानेवारी २०१५, फेसबुकसाठीच केलेला. २०१४ सालात जगभर २२७ अब्ज डॉलरचा परिणाम आणि ४५ लाख नोकऱ्या. त्याचे तीन तुकडे आहेत. १४८ अब्ज मार्केटिंगचे, म्हणजे धंदेवाल्यांनी तिथं जाहिरात केली, पेज काढलं, त्यातनं झालेली विक्री. २९ अब्ज ॲप बनवणाऱ्यांचे. आणि ५० अब्ज कशाचे? लोकांनी फोन आणि डेटा घेतला त्यातला वाटा, कारण म्हणे फेसबुक बघायला घेतला. पहिल्या तुकड्यापाशी थांबा. फेसबुक नसतं तर त्या धंदेवाल्यानं जाहिरात केलीच नसती का? पेपरात दिली असती, केबलवर दिली असती, दुसऱ्या कुठल्या साइटवर दिली असती. आणि ज्याची विक्री वाढली त्याच्या शेजारच्याची घटली असेल तर? ती वजाबाकी कुठं आहे? आमच्यात याला ढोबळ आणि निव्वळ म्हणतात. तुम्ही रोज गल्ला मोजता, तुम्हाला मी काय सांगायचं, गल्ल्यातले पैसे म्हणजे नफा नव्हे.

आणि हा माझा आवडता किस्सा, पोरांना नेहमी सांगतो. २०१० मध्येच इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या पायरसीविरोधी गटासाठी टेरा कन्सल्टंट्स नावाच्या फर्मनं युरोपचा रिपोर्ट केला. निष्कर्ष काय, तर इंटरनेटवरच्या चोरीमुळं २०१५ पर्यंत १२ लाख नोकऱ्या जाऊ शकतात. म्हणजे इंटरनेट तेच, पण जाहिरात विकणाऱ्याचा रिपोर्ट म्हणतो नोकऱ्या आल्या, सिनेमा-गाणी विकणाऱ्याचा रिपोर्ट म्हणतो नोकऱ्या चालल्या. ज्याचा माल त्याच्या बाजूला पारडं झुकतं. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

भडंगवाला_सांगली

सर, लई भारी. गल्ला आणि नफा हे लगेच डोक्यात बसलं. म्हणजे मी असं विचारू का, की "यातलं कमिशन सोडून तुमची भर कुठली"? जरा खवचट वाटंल काय?

निवृत्त_कॅशियर

वाटू दे की.

मिरजेचा_पोरगा_पुण्यात

मास्तरांचा मुद्दा पटला पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो कारण इथं सगळे एकाच सुरात लागलेत आणि माझं पोट इंटरनेटवर चालतं (तर माझा पण काटा धरा).

पहिलं म्हणजे पैसे कंपनीचे म्हणून रिपोर्ट कचऱ्यात टाकायचा हा आळस आहे. मग सरकारनं करवून घेतलेलं चालेल का? जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाचा रिपोर्ट आला, इक्रिअर या दिल्लीच्या अर्थसंशोधन संस्थेकडनं करून घेतलेला. त्यात भारताची डिजिटल अर्थव्यवस्था २०२२-२३ मध्ये जीडीपीच्या ११.७४ टक्के, म्हणजे ३१.६४ लाख कोटी रुपये. आणि २०३० च्या आसपास पाचवा हिस्सा होणार म्हणे. सरकारला पण आकडा मोठाच हवा असतो ना? पण मी तो उघडून बघितला आणि त्यांनी निदान कप्पे वेगळे दाखवलेत. टेलिकॉम, सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स बनवणं असला मूळ धंदा ७.८३ टक्के. प्लॅटफॉर्मवाले, म्हणजे ज्यांच्यासाठी तुमच्याकडं तो पोरगा आला होता ते, फक्त २ टक्के. आणि बँका, दुकानदारी, शिक्षण यांचा डिजिटल झालेला भाग अजून २ टक्के (हे सगळे टक्के जीव्हीएचे, म्हणजे जीडीपीतनं माल-सेवांवरचे कर वगैरे बाजूला काढून उरतं त्याचे, म्हणून बेरीज ११.७४ ला बरोब्बर जुळत नाही, मास्तर लगेच पकडतील म्हणून आधीच सांगितलं). हेडलाइन मात्र एकच, ११.७४. काम करणारी माणसं १ कोटी ४६ लाखांच्या वर, म्हणजे देशातल्या काम करणाऱ्यांच्या २.५५ टक्के. त्यात मी एक.

दुसरं, आणि हे कोणी बोलत नाही, इंटरनेटची काही किंमत कुठल्याच रिपोर्टात येत नाही. २०१९ चा पूर आठवा. मी पुण्यात, आई-बाबा मिरजेत, मामा सांगलीत गावभागात. तीन रात्री मी फक्त आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते बघत होतो, दर तासाला कुणीतरी ग्रुपवर टाकायचं, एवढे फूट झाले, एवढे झाले. मामाला पहिल्या मजल्यावरनं बाहेर काढायला बोट कुठनं येतीय हे ग्रुपवरनं कळलं. त्याची किंमत किती धरणार? जीडीपीत शून्य. उलट पुरात वाहून गेलेला फ्रिज नवीन घेतला ते जीडीपीत आलं. ऑनलाइन घेतला असला तर डबल आनंद, इंटरनेट अर्थव्यवस्था.

असलं मोजायचा प्रयत्न झालाय. ब्रिन्योल्फसन नावाचा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक संशोधनाचा पेपर काढला, अमेरिकेतल्या लोकांना विचारलं की एक महिना फेसबुक सोडायला किती पैसे घेशील, आणि काही जणांना खरंच पैसे देऊन सोडायला लावलं. मधला आकडा आला ४८ डॉलर. म्हणजे फुकटच्या गोष्टीला पण लोक मोल देतात. त्यामुळं माझं म्हणणं असं आहे की हे स्पॉन्सर्ड रिपोर्ट विक्रीच्या बाबतीत फुगवतात आणि जे खरंच कामाचं आहे ते त्यांना मोजता येत नाही, कारण ते विकता येत नाही. सोलो नावाचा नोबेलवाला १९८७ मध्ये म्हणून गेला की कॉम्प्युटर सगळीकडं दिसतोय, फक्त उत्पादकतेच्या आकड्यात दिसत नाही. आम्हा आयटीवाल्यांना अजून त्यावरनं टोमणे बसतात.

द्राक्षवाली_तासगाव

मी जरा उशिरा आले, बागेत होते. द्राक्षाच्या छाटणीची गडबड सुरू हाय आणि इथं तुम्ही जीडीपी घेऊन बसलाय.

मी ॲग्री केलंय, कॉलेजला असताना आमच्या मॅडमनी एक पेपर वाचायला दिलता तो या विषयाला नेमका लागतो. शेतकऱ्याला मोबाइलवर बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला पाठवायची सेवा आपल्या महाराष्ट्रात २००७ ला सुरू झालती. आता अशा सेवेबद्दल कुठंबी भाषण ऐका, शेतकऱ्याचा नफा वाढला, दलाल गेला, क्रांती झाली. तर फॅफशॉम्प आणि मिंटन म्हणून दोन अर्थतज्ज्ञ, त्यांनी महाराष्ट्रातली १०० गावं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही गावांना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि वर्षानं जाऊन हिशेब घेतला. पेपर २०१२ ला आला. निकाल काय, तर मिळालेल्या भावात, मालाच्या नुकसानीत, पिकाचं वाण नाय तर लागवडीची पद्धत बदलण्यात, म्हणण्यासारखा फरक नाही. आणि लोक मेसेज वाचत न्हवते असंबी नाही, वाचत होते.

त्याच्या उलट केरळचं. रॉबर्ट जेन्सनचा २००७ चा पेपर, १९९७ ते २००१ च्या काळात किनाऱ्यावर मोबाइल आला तेव्हा तारली मासे धरणाऱ्यांचं काय झालं. आधी एका बंदरावर मासे जास्त, गिऱ्हाईक नाही म्हणून फेकून द्यायचे, आणि पलीकडच्या बंदरावर माशाला माणूस रांगेत. फोन आल्यावर समुद्रातनंच विचारून होडी वळवायची. फेकणं जवळजवळ थांबलं, कोळ्यांचा नफा ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासा ४ टक्के स्वस्त मिळाला. बघा की, खरा फायदा झाला तिथं आकडा कसा अंगाबरोबर येतो. आठ टक्के. लाख कोटी नाही.

मग तिथं झालं आणि आपल्याकडं का नाही? पेपरात काय लिहिलंय ते सोडा, मी माझ्या घरचं सांगते. मासा दुपारपर्यंत नासतो आणि होडीला चार बंदरं असतात. आमचा बेदाणा कोल्ड स्टोअरेजला महिनोन् महिने राहतोय, आणि बंदर एकच, ज्याच्याकडनं उचल घेतलीय तो अडत्या. छाटणीला, औषधाला, डिपिंग ऑइलला पैसे त्यानं दिलेत. मग मला मोबाइलवर दिसतंय की दुसरीकडं किलोला दहा रुपये जास्त हाईत, तर मी काय करू? बघून घेऊ, चुकचुक करू, आणि माल तिथंच टाकू. भाव कळला, पण हात बांधलेला. ही गोष्ट त्या कन्सल्टिंगवाल्यांच्या गणितात कुठल्या रकान्यात बसती मला दाखवा.

आणि एक बारीक गोष्ट. आता आमच्या इथलं निम्मं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं, बेदाण्याचा फोटो टाकायचा, व्यापारी आवडला म्हणतो. पण सौद्याला आला की पहिली बॉक्समध्ये मूठ घालतो. दाबून बघतो, चिकटतोय का, वास घेतो, दोन दाणे तोंडात टाकतो आणि बाकीचे तिथंच उधळतो. ते उधळलेलं पायाखाली जातं, ते कुणाचं गेलं? शेतकऱ्याचं. फोटो येऊन एवढी वर्षं झाली, उधळण काय थांबली नाही. रिपोर्टवाल्यानं मात्र फोटो बघितला म्हणून सगळा सौदा डिजिटलमध्ये धरला असणार.

कारखान्याचा_सभासद

ताई उधळणीचं एक नंबर बोललात. आमच्या साखरपट्ट्यात राहून असल्या रिपोर्टचं काय नवल करायचं. अमेरिकेत साखरवाल्यांच्या रिसर्च फाउंडेशननं हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन लेख लिहवून घेतला, १९६७ ला छापून आला, की हृदयरोगाला साखर नाही तर चरबी जबाबदार. पैसे कुणी दिले हे त्यात लिहिलंच नव्हतं, ते बाहेर आलं २०१६ ला. एकोणपन्नास वर्षांनी. तोवर लोकांनी तूप सोडलं आणि बिस्किटं खाल्ली. त्या मानानं ही इंटरनेटवाली मंडळी बरी म्हणायची, बारीक अक्षरात का होईना नाव तरी टाकतात.

मास्तर_विश्रामबाग

तासगावच्या ताईंनी माझ्या दोन लेक्चरची फी वाचवली. त्यांचा 'हात बांधलेला' हा शब्द मी उद्या वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो. राहता राहिल्या भडंगवाल्यांच्या दोन स्लाइडी.

१.३८ चा आकडा जागतिक बँकेच्या २००९ च्या अभ्यासातला आहे, १२० देश, १९८० ते २००६ ची माहिती. कंपनीचा पैसा नाही, म्हणजे कॅशियर साहेबांचा नियम इथं लागू नाही. पण त्या स्लाइडवर 'दहा टक्के वाढला' असं लिहिलं असेल तर तिथंच चूक आहे. मूळ म्हणणं दहा पर्सेंटेज पॉइंट, म्हणजे शंभर माणसांमागं दहा कनेक्शनं जास्त, आणि वाढते ती जीडीपी नव्हे, जीडीपीच्या वाढीचा दर, तो १.३८ पॉइंटनं. ते पण गरीब आणि मध्यम देशांसाठी, श्रीमंतांसाठी १.२१. शंभरात पाच कनेक्शनं असलेल्या देशाला ती साडेपाच झाली तर ती पण 'दहा टक्के वाढ' होते. कुठं साडेपाच आणि कुठं पंधरा.

आणि समजा आकडा बरोबर धरला तरी कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आपल्याकडं उसाला दर चांगला मिळाला की त्या वर्षी गावात बुलेट वाढतात. म्हणून सगळ्यांना बुलेट वाटल्या तर उसाचा उतारा वाढंल का? ज्या देशाची भरभराट चाललीय तिथं ब्रॉडबँड पण येतो. दोन्हीतलं कोण कुणाला ओढतंय हे सोडवणं अवघड आहे, अभ्यास करणारे प्रयत्न करतात, स्लाइडवाले करत नाहीत.

'दहातला एक गरिबीतनं वर' हे मात्र तुम्हाला आठवायला पाहिजे, आपल्यावरच प्रयोग झालाय. २०१५ च्या हिवाळ्यात फ्री बेसिक्स या मोजक्या साइटी फुकट दाखवायच्या योजनेसाठी फेसबुकनं पानभर जाहिराती दिल्या होत्या, झुकरबर्गनं पेपरात लेख लिहिला होता, त्यात हे वाक्य होतं. त्याच्या मुळाशी डेलॉइटचा २०१४ चा रिपोर्ट, पुन्हा फेसबुकनंच करून घेतलेला. त्याचं गणित असं, की गरीब देशांत इंटरनेट श्रीमंत देशांएवढं पसरलं तर २.२ लाख कोटी डॉलरची भर, १४ कोटी नवीन नोकऱ्या आणि १६ कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर. 'तर' आहे बघा त्यात. आणि मुख्य म्हणजे ते गणित सगळ्या इंटरनेटचं होतं, आणि विकायला काढली होती ती मोजक्या साइटींची फुकट पुडी. गाईच्या दुधाचा रिपोर्ट दाखवून दुधाची पावडर विकायची असा प्रकार. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा दर लावायलाच बंदी घातली, आणि पुडी गुंडाळली गेली.

तुमच्याकडं आलेला पोरगा तेच करतोय. आकडे इंटरनेटचे, ठराव त्याच्या ॲपचा. शनिवारी एवढं जरी उठून बोललात तरी पुष्कळ.

मिरजेचा_पोरगा_पुण्यात

हे शेवटचं वाक्य मी पण विसरलो होतो राव. इंटरनेटची बाजू घेता घेता ॲपची कधी घेतली कळलंच नाही.

भडंगवाला_सांगली

मंडळी, झाली मीटिंग. थोडं लांबलं लिहायला, दिवाळीच्या ऑर्डरी चालू आहेत.

जायच्या आधी मी एक उद्योग केला. आमच्याकडं पार्सलची जुनी वही आहे, वडिलांच्या अक्षरातली, नाव, गाव, फोन, किती किलो, एसटीनं का ट्रॅव्हल्सनं. रात्री दुकान बंद करून मी आणि बायको बसलो आणि गेल्या महिन्यात ॲपवरनं आलेल्या ऑर्डरींचे पत्ते त्या वहीशी लावून बघितले. फोन नंबर ॲप दाखवत नाही, मग आडनाव आणि पत्त्यावरनं ओळखायचं. एकूण बेचाळीस ऑर्डरी. त्यातल्या एकोणतीस वहीत सापडल्या. काही जण तर २०११ पासनंचे, कोथरूडच्या एक काकू आहेत, दर गणपतीला पाच किलो, त्यांच्या नावापुढं वडिलांनी 'तिखट कमी' असं लिहून ठेवलंय. त्या काकूंच्या पाच किलोवर आम्ही आता कमिशन भरतोय. आणि ॲपवर 'तिखट कमी' लिहायला जागा नाही.

पण तेरा नवीन होते. ते पण खरं आहे. त्यात एक ऑर्डर चंदीगडची, तिथं आमचं कोण ओळखीचं असायचं कारणच नाही. म्हणजे मिरजेच्या भावाचं पण चुकलं नाही.

मीटिंगला मी उठलो, पाय जरा लटपटत होते, आणि एवढंच विचारलं की साहेब, तुमच्या आकड्यातलं आधीच विकलं जात होतं ते किती आणि नवीन किती, हे वेगळं करून दाखवता का, आणि माझे बेचाळीस-एकोणतीस-तेरा सांगितले. पोरगा गप्प. मग म्हणाला छान प्रश्न आहे, मी टीमला विचारून मेल करतो. तेवढ्यात मागनं कापडवाले एक काका म्हणाले, "आमचं बी असंच हाय." आणि मग जो कालवा झाला तो विचारू नका, कोण वही काढतंय, कोण परत आलेल्या मालाचं बोलतंय. अण्णा हातातला चहा तसाच धरून हसत होते.

ठराव झाला नाही, पुढं ढकलला. ज्याला ॲपवर जायचं त्यानं आपापलं जावं असं ठरलं. मी काही बंद केलं नाही, चालू ठेवलंय, फक्त प्रत्येक ऑनलाइन पाकिटात आता आमच्या नंबरची चिठ्ठी टाकतो, 'थेट फोन करा, तिखट कमी-जास्त करून मिळेल'. काकूंचा फोन आला परवा.

मेल अजून आलेला नाही.

द्राक्षवाली_तासगाव

त्या वहीचे फोटो काढून ठेवा आधी, पूर काय सांगून येत नाही. आणि मला दोन किलो पाठवा, तिखट जास्त, एसटीनं.